ब्राइस कॅन्यनला सासूसासऱ्यांना घेऊन जायचंय, उंची झेपेल का?

सुपारी
मंडळी, जरा मदत हवी आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूसासरे नाशिकहून येतायत, आम्ही डॅलसला असतो. बेत असा आहे की वेगसला फ्लाइट, तिथून रेंटल कार, आधी यूटातलं झायन नॅशनल पार्क, मग तिथलंच ब्राइस कॅन्यन, मग अ‍ॅरिझोनातलं पेज गाव आणि शेवटी ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेचा कडा). सासरे सत्तरीचे, बीपीची गोळी चालू आहे पण बाकी ठणठणीत, रोज पहाटे चालून येतात. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, चढताना ठीक असतात, उतरताना बोंब. मुलगा आठ वर्षांचा, त्याला जिथे तिथे फक्त चढायचंय.
नवऱ्याचं म्हणणं ब्राइस वाटेतला स्टॉप ठेवू, झायनहून सकाळी निघायचं, दोन-तीन पॉइंट बघायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळपर्यंत पेज गाठायचं. मला ते घाईचं वाटतंय, आणि दुसरं म्हणजे उंची. आठ-नऊ हजार फूट वाचलं तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय, हे दोघं आयुष्यात महाबळेश्वरच्या वर गेलेले नाहीत. राहावं का तिथे? राहिलं तर रात्री त्रास होईल का? खाली उतरायचं की वरूनच बघायचं? आणि झायन बघून झाल्यावर ब्राइस वेगळं काही दाखवतं का, की तेच लाल दगड पुन्हा?

उनाड_पावलं
राहा. एक रात्र तरी राहाच. ब्राइस दुपारी बारा वाजता बघणं म्हणजे सगळा रंग उडालेला बघणं, ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात आणि सगळं सपाट दिसतं, मग लोक म्हणतात यात काय एवढं. तेच सकाळी सात-साडेसातला ब्राइस पॉइंटवर उभे राहा. आधी नुसता गार करडा खड्डा दिसतो, मग सगळ्यात उंच सुळक्यांच्या टोकांना ऊन लागतं आणि तिथून खाली उतरत जातं, आणि खरी गंमत त्याच्यानंतर आहे, एका भिंतीवर पडलेलं ऊन समोरच्या भिंतीवर उडतं त्यामुळे जिथे थेट सूर्य पोचलेलाच नाही ती सावलीतली बाजूसुद्धा आतून पेटल्यासारखी नारिंगी दिसायला लागते. हे पंधरा-वीस मिनिटंच टिकतं.
ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो म्हणजे फार पहाटे उठायचीही शिक्षा नाही.
झायन आणि ब्राइस अजिबात सारखे नाहीत. झायनमधे आपण दरीच्या तळाशी असतो आणि मान वर करून भिंती बघतो. ब्राइसला उलट, गाडी वरच्या कड्यावर जाते आणि आपण खाली बघतो. गुडघेवाल्यांसाठी तर ब्राइस जास्त सोयीचं, बहुतेक पॉइंट पार्किंगपासून दोन पावलांवर आहेत.

आगाऊ_काठी
मी विरोधी पक्षात. ब्राइस तासाभरात होतं. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, इन्स्पिरेशन पॉइंट, ब्राइस पॉइंट, चारही ठिकाणांहून तोच खड्डा थोड्या वेगळ्या कोनातून दिसतो. वरून रस्ता पुढे अठरा मैल जातो, तिथे परत तसेच पॉइंट. आम्ही दुपारी गेलो, सॅंडविच खाल्लं, निघालो, काही चुकल्यासारखं वाटलं नाही. तो वेळ ग्रँड कॅन्यनला द्या.

उनाड_पावलं
@आगाऊ_काठी दुपारी गेलात आणि खाली उतरला नाहीत, मग तासात होणारच हो. ब्राइस वरून बघायची जागा आहे पण पायाखाली घ्यायची जागा जास्त आहे. ग्रँड कॅन्यनमधे खाली उतरून परत यायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम, इथे साधारण सहाशे फूट उतरलं की तुम्ही त्या सुळक्यांच्या मधोमध उभे असता. पाच-सहा तासांत येऊन-जाऊन पोटभर होतं असा कॅन्यन दुसरा सांगा मला.

डॉ_खलबत्ता
उंचीबद्दल लिहितो. आधी आकडे डोळ्यासमोर ठेवा म्हणजे भूत उतरेल. कळसूबाई ५४०० फूट. ब्राइसच्या मुख्य पॉइंटची उंची ८००० ते ८३०० फूट, आणि रस्त्याच्या शेवटचा रेनबो पॉइंट ९११५ फूट. आठ हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन साधारण पाव हिस्सा कमी. चिवड्याची बंद पाकिटं नेलीत तर वर पोचेपर्यंत ती टम्म फुगलेली दिसतील, कारण तेच.
हे लडाख नाही. नुसतं बसून, हळू चालून बहुतेकांना काहीही होत नाही. पण आठ हजार फूट हीच ती पातळी आहे जिथून पुढे काही लोकांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि कोणाला होईल याचा वयाशी फार संबंध नसतो, चाळिशीचा जिमवाला झोपून राहतो आणि आजोबा टुणटुणीत असतात. जास्त फरक पडतो तो रात्री किती उंचीवर झोपता याने. तुमचा क्रम चांगला आहे, वेगस २००० फूट, झायनच्या दाराशी स्प्रिंगडेल ३९०० फूट, म्हणजे शरीर आपोआप पायरी पायरीने वर येतंय. डॅलसहून विमानाने थेट आठ हजारावर आला असतात तर मी वेगळं बोललो असतो.
झोपायला शक्य असेल तर ट्रॉपिक गावात खोली घ्या. ते कड्याच्या खालच्या अंगाला आहे, साधारण ६३०० फुटांवर, पार्कच्या गेटपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. पार्कच्या तोंडाशी जी हॉटेलं आहेत ती साडेसात हजाराच्या वर आहेत. हजार-बाराशे फुटांचा फरक झोपेला जाणवतो.
बाकी: पाणी तहान लागायच्या आधीपासून पीत राहा, हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, ओठ फुटतात, काहींना नाकातून रक्त येतं, त्याला घाबरू नका. पहिल्या दिवशी पोटभर जेवून लगेच चढ नको. बीपीची गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाण्याकडे जास्त लक्ष, निघायच्या आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयाचा, फुप्फुसाचा जुना आजार असेल तर हे सगळं माझं ऐकू नका, त्यांच्या डॉक्टरांचं ऐका. आणि बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं तर वाट बघायची नाही, गाडीत घालून खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

सुपारी
डॉक्टर, खूप खूप धन्यवाद, ट्रॉपिक हे नाव मला माहीतच नव्हतं! सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले कळसूबाई मी कॉलेजात असताना केलंय, मला काय सांगता.
आता खाली उतरायचं सांगा कोणीतरी. नवरा, मुलगा आणि कदाचित सासरे. मी सासूबाईंबरोबर वर थांबेन.

उनाड_पावलं
मग ऐका. सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डन ट्रेलने उतरायचं, खालून जोडवाटेने नवाहो लूपला लागायचं आणि सनसेट पॉइंटला वर यायचं. सगळं मिळून तीन मैलांच्या आत. हीच दिशा घ्या, पार्कवालेही हीच सांगतात, क्वीन्स गार्डनचा उतार सगळ्यात सौम्य आहे म्हणून गुडघे वाचतात, आणि नवाहोचा खडा चढ चढताना दमला तरी घसरायची भीती कमी. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, इथे आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं असं उलटं गणित आहे. आपल्याकडे गड चढताना दम लागला की माणूस मागे फिरतो. इथे उतरताना सगळे शिट्ट्या मारत जातात आणि दम लागतो तेव्हा मागे फिरायला जागाच नसते, चढावंच लागतं, तेही पातळ हवेत.
नवाहो लूपला वर यायच्या दोन वाटा आहेत. एक वॉल स्ट्रीट, दुसरी टू ब्रिजेस. वॉल स्ट्रीट म्हणजे आपली सांदण दरीच, फक्त केशरी रंगाची आणि पायाखाली बोल्डर नसलेली. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे चिंचोळी वाट आणि त्या फटीत डग्लस फरची सरळसोट झाडं, उजेडाच्या मागे लागून इतकी उंच गेलीयत की खालच्या खोडाला फांदीच नाही. तिथून वर जाणारी वळणं एकावर एक रचलेली आहेत, वर बघितलं की माणसंच माणसं नागमोडी चालताना दिसतात. ही बाजू हिवाळ्यात बंद असते, दगड कोसळतात म्हणून, कधी कधी मधेच पण बंद करतात, त्यामुळे सकाळी व्हिजिटर सेंटरला विचारून मगच ठरवा. ती बंद असेल तर टू ब्रिजेसने या, थॉर्स हॅमर त्याच बाजूला आहे, तो बारीक मानेवर भलं मोठं डोकं तोललेला सुळका, सगळ्या पोस्टकार्डांवर तोच असतो.
खाली पाण्याचा नळ नाही. माणशी एक लिटर तरी हवंच. सनसेट पॉइंटला आणि व्हिजिटर सेंटरला बाटल्या भरता येतात.

नाकासमोर
बुटांचं कोणी लिहिलं नाही अजून. त्या वाटेवर बारीक सुटी खडी असते, गुळगुळीत तळव्याचे स्नीकर घालून गेलात की उतारावर पाय सरकतोच. पार्कवालेही सांगतात, तिथे जास्तीत जास्त लोक जखमी होतात ते चुकीच्या पादत्राणांमुळे. खोल खाचांचा तळवा असलेले बूट घ्या, ट्रेकिंगची काठी असेल तर आजोबांना द्या, त्यांनी कळसूबाई केलेलं असलं तरी :)
आणि खाली शिडशिडीत भिंती बघून मुलगा चढायला बघेल, त्याला आधीच दम भरून ठेवा. वाट सोडून जायचं नाही हा नियम तिथे कडक आहे आणि बरोबरच आहे, तो दगड दिसतो तेवढा घट्ट नाही, हाताने खरवडला तर भुगा निघतो.

दगडधोंडा
आता माझा विषय आला. नाकासमोर म्हणतायत तो भुगा, सगळी कथाच त्याच्यात आहे.
साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठं तळं आणि पूरमैदानं होती. त्यात चुना, चिखल, गाळ साठत गेला, त्याचे थर झाले, क्लॅरॉन फॉर्मेशन म्हणतात त्याला. लाल-नारिंगी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, जांभळट छटा मॅंगनीजची. पुढे हा सगळा भाग पठार म्हणून वर उचलला गेला, पॉन्सागंट पठार, आणि त्याच्या पूर्वेची कड झिजत झिजत हे अर्धगोल कोनाडे तयार झाले. म्हणजे खरं तर ब्राइस कॅन्यन हा कॅन्यनच नाही, मधून कापत गेलेली नदीच नाही इथे. सुपारी तुम्ही झायनशी तुलना विचारलीत, झायन व्हर्जिन नदीने कापलंय, ग्रँड कॅन्यन कोलोरॅडोने, आणि ब्राइस मुख्यतः बर्फाने.
कसं, तर उंचीमुळे. तिथे वर्षातल्या दीडशेहून जास्त दिवशी असं होतं की दिवसा तापमान गोठणबिंदूच्या वर आणि रात्री खाली. दिवसा वितळलेलं पाणी फटीत शिरतं, रात्री गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट रुंदावतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आधी पठाराच्या कडेला लांबट पातळ भिंती सुटतात, भिंतींना खिडक्या पडतात, खिडकीचं छत कोसळलं की मधले खांब उरतात, तेच हे हूडू. पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं ते चुनखडी विरघळवतं आणि कडा गोल करतं. ज्या खांबाच्या डोक्यावर कठीण थराची टोपी आहे तो टिकतो, टोपी पडली की खांबाचे दिवस भरले. कडा शंभर वर्षांत एक ते चार फूट मागे सरकतोय.
सनराइज पॉइंटजवळ एक लिंबर पाइन आहे ते जरूर दाखवा मुलाला. त्याच्या खालची जमीन निघून गेलीय आणि झाड नुसत्या उघड्या मुळांवर उभं आहे, मुळं माणसाच्या कमरेपेक्षा वर. कडा मागे सरकतो म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.
अजून एक, तुमचा क्रम झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन असा आहे, खडकांच्या वयाने बघायचं तर ब्राइस सगळ्यात तरुण, झायन मधलं, ग्रँड कॅन्यन म्हातारं. ब्राइसच्या तळाचे थर झायनच्या माथ्यावर सापडतात आणि झायनच्या तळाचे ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावर. तिन्ही मिळून एकच प्रचंड जिना आहे.

आगाऊ_काठी
दगडधोंडा, हे आधी कुठे होतात. एवढं माहीत असतं तर सॅंडविच जरा हळू खाल्लं असतं. पण माझं मत कायम, ज्यांना खाली उतरायचंच नाही त्यांना चार पॉइंट सारखेच वाटणार.

रेंगाळणारी
@आगाऊ_काठी असं काही नाही, माझे गुडघे गेलेले आहेत आणि मी दीड दिवस तिथे मजेत घालवला. सुपारी, सासूबाईंसाठी लिहिते. सनराइज ते सनसेट पॉइंट हा कड्यावरचा अर्धा मैल डांबरी आणि बराचसा सपाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते, मधे मधे बाकं आहेत. मंडळी खाली गेली की तुम्ही दोघी सनराइजवरून निघून रमतगमत सनसेटला या, तेही तिकडेच वर येणार आहेत. बाकावर बसलं की खालच्या वाटेवर माणसं मुंगीएवढी दिसतात, कुठली आपली ते ओळखत बसायचं, दुर्बीण असेल तर न्याच. त्या वाटेवर पाँडेरोसा पाइनची झाडं आहेत, त्यांच्या सालीच्या भेगेत नाक खुपसून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो, येणारे जाणारे हसतात पण हसू देत.
दुपारी गाडीने रेनबो पॉइंटला जा. जाताना कुठेही थांबायचं नाही, सरळ शेवटपर्यंत जायचं आणि येताना एकेक पॉइंट करायचा, कारण सगळे पॉइंट जाताना डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला येतात, समोरची गाडी जायची वाट बघत डावीकडे वळत बसायला नको. नॅचरल ब्रिज नावाचा थांबा आहे तो मला सगळ्यात आवडला, नाव ब्रिज असलं तरी खरं तर ती कमान आहे, लालभडक, आणि तिच्यातून खालची गर्द हिरवी झाडं दिसतात. रेनबो पॉइंटला ब्रिसलकोन लूप म्हणून मैलभराची सोपी वाट आहे, तिथली काही झाडं दीड हजार वर्षांच्या वरची आहेत. पण ९१०० फूट, तिथे मात्र सासूबाईंना हळू.
हवा स्वच्छ असली तर तिथून ऐंशी मैलांवरचा अ‍ॅरिझोनाच्या सीमेजवळचा नवाहो माउंटन दिसतो.

सुपारी
रेंगाळणारी, तुमचं नाव अगदी शोभतं हो तुम्हाला, हे सगळं सासूबाईंना फोनवर सांगितलं तर एकदम खूष झाल्या, मला वाटतंय आपल्याला घरी बसवणार अशी त्यांची समजूत झाली होती.
थंडी किती असेल? आणि शटल घ्यावीच लागते का, झायनमधे आहे तशी?

नाकासमोर
शटल ऐच्छिक. एप्रिल ते ऑक्टोबर फुकट चालते आणि मुख्य अँफिथिएटरचे, म्हणजे त्या मोठ्या अर्धगोल खड्ड्याचे पॉइंट करते. गाडी नेली तरी चालते पण सकाळी दहानंतर सनसेट पॉइंटला पार्किंग मिळवणं म्हणजे दिव्य, तेव्हा गाडी बाहेर लावून शटलने जाणं शहाणपणाचं. सूर्योदयाला गाडीने जा, तेव्हा जागा असते.
थंडी: ऑक्टोबरमधे रात्री पारा शून्याच्या खाली जातोच, दिवसा स्वेटर काढावासा वाटेल इतकं ऊन. वेगसला त्याच दिवशी लोक हाफ पॅंटमधे असतात म्हणून भुलू नका. सूर्योदयाला कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट, सगळं. आमच्या ओळखीतले एक काका मफलर गाडीत ठेवून पॉइंटवर गेले आणि पाच मिनिटांत परत गाडीत. त्या काळात हलका बर्फही पडू शकतो. आणि ऊन थंड वाटलं तरी उंचीवर कातडी भाजते, सनस्क्रीन आणि टोपी दोन्ही.

चांदणचुरा
दोन ओळी माझ्या. तिथे राहताच आहात तर रात्री बाहेर पडा. ब्राइसला २०१९ पासून डार्क स्काय पार्कचा दर्जा आहे, अमावास्येच्या आसपास नुसत्या डोळ्यांनी साडेसात हजारापर्यंत तारे दिसतात असं पार्क सांगतं. आकाशगंगा बघायला शोधावी लागत नाही. तारखा अजून हलवता येत असतील तर पौर्णिमेचा आठवडा टाळा. आजोबांना लहानपणीचं आकाश परत दिसेल, आता नाशिकला कुठे दिसतंय. फोनचा टॉर्च लावू नका, लाल उजेडाची बॅटरी न्या, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतात ती जाते.
रात्री परत येताना गाडी हळू, रस्त्यावर हरणं येतात.

दगडधोंडा
मुलासाठी अजून एक, गेटच्या आसपासच्या मोकळ्या कुरणात यूटा प्रेरी डॉग असतात, बिळातून तोंड काढून उभे राहतात. संरक्षित प्राणी आहे, लांबून बघायचं, खायला घालायचं नाही, त्यांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेगसुद्धा येऊ शकतो हे सांगितलं की आपली मुलं बरोबर लांब राहतात. पण ऑक्टोबरपर्यंत बरेचसे बिळात झोपायला गेलेले असतात, दिसले तर नशीब.
आणि गोष्ट सांगायची असेल तर पाययूट लोकांची सांगा, ते या भागातले मूळचे. त्यांच्या कथेत इथे पूर्वी वाईट वागणारी माणसं राहायची, कोल्ह्यासारख्या चतुर कायोटीने त्या सगळ्यांना दगड करून टाकलं, कोणी उभे, कोणी बसलेले, कोणी एकमेकांना धरून. खाली उतरल्यावर मुलगा स्वतःच चेहरे शोधायला लागेल.
ज्याचं नाव पार्कला आहे तो एबेनेझर ब्राइस स्कॉटलंडहून आलेला मॉर्मन सुतार, १८७० च्या दशकात इथे येऊन राहिला. त्याला या सौंदर्याचं फारसं कौतुक नव्हतं, गाय हरवायला ही फार वाईट जागा आहे एवढंच तो म्हणाला असं सांगतात. १९२३ ला हे राष्ट्रीय स्मारक झालं, १९२८ ला नॅशनल पार्क.

आगाऊ_काठी
ब्राइस माझ्याच पक्षाचा निघाला की.

नाकासमोर
पैशांचं बघा हां, हे नवीन आहे. गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात, हे जुनंच. पण २०२६ च्या जानेवारीपासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांमधे माणशी १०० डॉलर जास्तीचे आहेत, आणि तुमच्या यादीतले तिन्ही म्हणजे झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन त्या अकरात आहेत. त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० चा, इथे राहणाऱ्यांसाठी ८० चा. तीन पार्क करणाऱ्याला पास स्वस्त पडतो हे उघड आहे. रहिवासी म्हणून पास घेताना सरकारी फोटो आयडी लागतं, ते जवळ ठेवा.

सुपारी
बापरे, हे बरं झालं सांगितलंत, नवऱ्याच्या हिशोबात जुनेच आकडे होते. पास घेतोय.
तर आता असं ठरतंय. झायनहून सकाळी आठला निघायचं, बोगद्यातून, वाटेत रेड कॅन्यन, अकराच्या आसपास ब्राइस. पहिल्या दिवशी सगळे मिळून रेनबो पॉइंट आणि येताना बाकीचे थांबे, सूर्यास्त सनसेट पॉइंटवर, मुक्काम ट्रॉपिक. दुसऱ्या दिवशी सूर्योदय ब्राइस पॉइंटला, मग हे तिघं खाली आणि आम्ही दोघी बाकावर. बारापर्यंत निघून पेज, तिथे पुढच्या दिवशी सकाळची अँटिलोप कॅन्यनची टूर बुक केलीय. चालेल ना?

उनाड_पावलं
चालेल, झकास आहे. एकच बदल, सूर्यास्ताला सनसेट पॉइंट नको. नावावर जाऊ नका, तो पॉइंट पूर्वेकडे बघतो, संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे झाडीत जातो आणि समोरचा सगळा खड्डा आधीच सावलीत गेलेला असतो. पारिया व्ह्यूला जा, ब्राइस पॉइंटच्या वाटेवरच फाटा आहे, संध्याकाळचं ऊन तिथल्या कड्यावर पडतं आणि गर्दीही कमी असते.
रेड कॅन्यनला रस्त्यावर दगडात कोरलेले दोन बोगदे लागतात, बरेच लोक तिथेच ब्राइस आलं समजून अर्धा तास फोटो काढतात, तेवढं नवऱ्याला सांगून ठेवा.

डॉ_खलबत्ता
पहिल्याच दिवशी ९१०० फुटांवर जायचं आणि झोपायला ६३०० ला उतरायचं, हे बरोबर आहे. रेनबो पॉइंटला गाडीतून उतरल्यावर मुलाबरोबर पळापळ नको. सूर्योदयानंतर नीट नाश्ता करून, तासभर थांबून मगच खाली उतरा, रिकाम्या पोटी नको. चढताना आजोबांना बोलतं ठेवा, वाक्य पूर्ण न करताच श्वास घ्यावा लागत असेल तर थांबा. कळसूबाईच्या गोष्टी ऐकायला तेवढाच वेळ मिळेल.

सुपारी
वेळेचं पण सांगा कोणीतरी. वेगसहून यूटात शिरताना तास पुढे जातो एवढं माहीत आहे. पेजला काय?

नाकासमोर
पेज अ‍ॅरिझोनात आहे, आणि अ‍ॅरिझोना घड्याळं पुढे-मागे करत नाही. ऑक्टोबरमधे यूटा पेजच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे ब्राइसहून बाराला निघालात तरी पेजला पोचता पोचता एक तास परत मिळतो. पण फोनच्या घड्याळावर विसंबू नका. पेजला लागून नवाहो नेशन आहे आणि तिथे घड्याळं बदलतात, फोनने टॉवर बदलला की वेळ आपोआप उडी मारते. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने चालतात. सकाळची टूर आहे तर हॉटेलच्या काउंटरवर वेळ विचारा, किंवा फोनचा आपोआप वेळ बदलायचा ऑप्शन बंद करून फिनिक्सची वेळ लावून टाका.

रेंगाळणारी
आणि ट्रॉपिकमधे रात्रीचं जेवण लवकर उरका, छोटं गाव आहे, ऑक्टोबरमधे दुकानं-हॉटेलं लवकर बंद होतात. पारिया व्ह्यूहून उतरेपर्यंत उशीर झाला तर हाताशी काहीतरी असू दे, दशम्या-चटणी बरोबर न्या, सासूबाई करतीलच.